भरपाई, रोख मदत की वकील? अमेरिकी शहरांचे तीन मार्ग

वांशिक न्याय आणि आर्थिक न्याय हे शब्द अमेरिकेतल्या शहरांच्या निवडणुकांत जोडीनं येतात. तिजोरीशी मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. गरिबी पाहून मदत द्यायची, की ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं देणं फेडायचं? कोणत्या उमेदवाराला मत द्यायचं किंवा कोणत्या मोहिमेसाठी राबायचं, हे ठरवताना हा फरक आधी पाहावा.

देणं फेडायचा मार्ग शिकागोला लागून असलेल्या एव्हनस्टननं धरला. २०१९ मध्ये या शहरानं गांजाविक्रीवरच्या करातून पहिले १ कोटी डॉलर त्यासाठी राखून ठेवले. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेले कृष्णवर्णीय आणि त्यांचे थेट वारस यांना प्रत्येकी २५,००० डॉलर द्यायचे ठरले. ही वर्षं उगाच निवडलेली नाहीत. याच काळात घरांचा बाजार, बँका आणि शहराचे नियम यांनी मिळून कृष्णवर्णीयांना शहराच्या एका भागात कोंडलं होतं.

सुरुवातीला पैसा थेट हातात मिळत नव्हता. तो घरखरेदी, गृहकर्ज किंवा दुरुस्तीपुरताच होता. मार्च २०२१ मध्ये योजना ८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. विरोधातलं ते एक मत सिसली फ्लेमिंग या कृष्णवर्णीय नगरसेविकेचं होतं. ही घरांची योजना आहे, भरपाई नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. आपण ज्याचं देणं लागतो, त्यानं पैसा कशावर खर्च करावा हे आपण सांगायचं नसतं. २०२३ मध्ये शहरानं रोख रकमेची मुभा दिली, ते बरंच झालं. पण पहिल्या फेरीत सोडतीतून फक्त १६ जणांना संधी मिळाली होती आणि काही वृद्ध अर्जदार वाट पाहतच गेले. शिवाय वंशावरून पात्रता ठरवल्याबद्दल २०२४ मध्ये शहरावर खटला दाखल झाला.

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटननं वंश विचारलाच नाही. महापौर मायकल टब्स यांच्या पुढाकारानं फेब्रुवारी २०१९पासून १२५ रहिवाशांच्या कार्डावर दरमहा ५०० डॉलर जमा होऊ लागले, २४ महिने. ते कसे खर्च करावेत यावर काहीच बंधन नव्हतं. फुकटच्या पैशानं माणसं आळशी होतील, या भीतीला उत्तर आकड्यांतून मिळालं. पूर्णवेळ नोकरी असलेल्यांचं प्रमाण वर्षभरात २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. पैसे न मिळालेल्या गटात ते ३२ वरून ३७ झालं. रोजंदारी बुडवून नोकरीच्या मुलाखतीला जायचं तर गाठीशी चार पैसे लागतात, एवढी ही साधी गोष्ट आहे. उणीव ही की पैसा देणगीतून आला होता. मुदत संपली आणि कार्डावर पैसे येणं थांबलं.

तिसरा मार्ग न्यूयॉर्कचा. घर खाली करण्याच्या खटल्यात कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना मोफत वकील देणारा कायदा या शहरानं २०१७ मध्ये केला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याआधी कोर्टात घरमालकाच्या बाजूला वकील आणि समोर कागद हातात धरून उभी असलेली एकटी बाई, हे नेहमीचं चित्र होतं. ती बाई बऱ्याचदा कृष्णवर्णीय असते, त्यामुळे वंशाची अट न घालताही ही मदत नेमक्या घरात पोचते. खटले वाढले तसे वकील मात्र अपुरे पडू लागले आणि कायदा असूनही अनेक जण एकटेच उभे राहिले.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा एकाच कामापुरता असेल, तर आधी वकील द्या. घर गेलं की नोकरी आणि मुलांची शाळाही हातची जाते; तेव्हा ५०० डॉलर पुरत नाहीत. पण तेवढ्यावर वांशिक न्याय झाला असं कुणी म्हणू नये. ज्या शहराच्या दप्तरात अन्यायाचे पुरावे पडून आहेत, तिथे एव्हनस्टनसारखं देणं मान्य करावंच लागेल, आणि तेही रोख. स्टॉकटनचा मार्ग मी तिसरा ठेवेन, अर्थसंकल्पात कायमची तरतूद होईपर्यंत.

किमान वेतन वाढवण्याचं आश्वासन कुणी देत असेल, तर राज्याचा कायदा आधी तपासा. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या बर्मिंगहॅम शहरानं २०१६ मध्ये ताशी १०.१० डॉलर ठरवले, तेव्हा अलाबामा राज्यानं लगोलग कायदा करून तो निर्णय रद्द ठरवला. तिथले कामगार ७.२५ डॉलरवरच राहिले.