ऊसतोड कुटुंबांतील तरुणांसाठी इंग्रजीचा वर्ग: एक परीक्षण

बीडमधील एका खासगी इंग्रजी संभाषण वर्गात आमच्या परिचयातील, विशीच्या आसपासची दोन मुले शिकत आहेत. दोघेही ऊसतोड कुटुंबांतले असून दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर फडावर जाता जाता त्यांची शाळा सुटली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्यामुळे ही मुले कोरी पाटी घेऊन येत नाहीत. गळीत हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालत असल्याने दरवर्षी त्यांचे दुसरे सत्रच बुडत गेले आणि प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकाचा उत्तरार्ध शिकायचा राहिला. त्यामुळे यांना बाराखडीसारखे एबीसीडीपासून शिकवणे कंटाळवाणे ठरते आणि एकदम वरच्या तुकडीत बसवले तर पायाच सापडत नाही.

वर्गाची प्रवेश चाचणी या बाबतीत निरुपयोगी आहे. पर्यायी प्रश्नांच्या कागदावरून एक गुणसंख्या मिळते; मुलाला नेमके काय येत नाही, हे त्यातून कळत नाही. एखादा उतारा मोठ्याने वाचून घेतला असता, तरी दहा मिनिटांत अधिक समजले असते. पहिले काही आठवडे काळांचा तक्ता पाठ करून घेण्यात गेले, तेही मला पटले नाही.

मात्र संवादाचा सराव चांगला आहे. दवाखान्यातील स्वागतकक्ष, बँकेतील खिडकी, नोकरीची मुलाखत असे प्रसंग जोडीने बोलून घेतले जातात आणि चूक झाली तरी बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत. याहून महत्त्वाची सोय म्हणजे काही आठवडे गैरहजर राहिलेल्यांना पुढच्या तुकडीत जादा शुल्काशिवाय बसू देतात. ज्यांचे शिक्षण मुळात गैरहजेरीमुळेच तुटले, त्यांच्या वर्गाची पारख करताना मी हा नियम अभ्यासक्रमाच्याही आधी विचारीन.

सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसणाऱ्यांनी मात्र केवळ या वर्गावर विसंबू नये. तिथे उतारा वाचून उत्तरे लिहावी लागतात, पत्रलेखन असते, आणि लेखनाकडे येथे जवळजवळ दुर्लक्षच आहे. घरी कान तयार करण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे विनामूल्य ध्वनिपाठ उपयोगी पडतात, पण ते सोडवून सांगणारे कोणी सोबत हवे.

शुल्क एकरकमी घेतात, हे खटकते. उचलीवर, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांवर, वर्ष काढणाऱ्या घरांसाठी हप्ते ठेवायला हवेत.