आईला खरंच दिसलं होतं

माझं तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षबागेची औषधं विकतो. गेली सतरा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय की बाटलीवर लेबल नाही, बॅच नंबर नाही, पक्कं बिल मिळत नाही, तर ते औषध फुकट दिलं तरी बागेवर मारू नका. आणि याच शहाण्यानं बिनलेबलच्या बाटलीतले थेंब स्वतःच्या आईच्या डोळ्यांत घातले. सकाळ-संध्याकाळ, नऊ दिवस.

हे लिहायला वर्ष गेलं. गावात विचारलं तर 'आईला काचबिंदू झाला' एवढंच सांगायचो. कुणी फसवलं ते सांगायची लाज वाटायची, कारण फसली ती आई नव्हती, मी होतो. ती बिचारी म्हणत होती, "आरं, र्‍हाऊ दे की. किती दिस जगायचंय मला?"

आई अडुसष्टची. हंगामात शेडवर बेदाणा निवडायला जाते. गरज नाही, पण घरात बसवत नाही तिला. हिरवा, पिवळा, काळा माल हातानं वेगळा करायचा, काड्या काढायच्या, दिवसभर बायकांशी बोलायचं. हे सगळं घडायच्या आदल्या वर्षी तिची चाळिशी सुटली. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायला लागली आणि गल्लीभर सांगत सुटली की म्हातारपणी डोळे पुन्हा तरणे झाले. आम्हीही खूश. पुढं मिरजेच्या डॉक्टरांकडून कळलं की मोतीबिंदूची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट होत जातं, त्यानं नंबर बदलतो, जवळचं काही दिवस विनाचष्मा दिसतं आणि लांबचं पुसट होत जातं. म्हणजे आम्ही ज्याचे पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, तो आजार होता.

मग तिच्या हिरव्या ढिगात काळे मणी निघायला लागले. शेडवरची मुकादमीण तोंडानं काही बोलली नाही, फक्त आईच्या शेजारी दुसरी बाई बसवली, आईनं निवडलेलं पुन्हा बघायला. आईला ते फार लागलं. त्या रात्री ती जेवली नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गावात गाडी आली. पांढरी व्हॅन, वर भोंगा. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात फ्लेक्स लागला: मोफत नेत्र तपासणी शिबिर, मोतीबिंदू आणि काचबिंदू ऑपरेशनशिवाय बरा. पांढरा कोट घातलेली दोन पोरं, आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला 'डॉक्टर'. डोळ्यांच्या डॉक्टरला स्टेथोस्कोप कशाला, हे मला आज सुचतंय. गावच्या पुढाऱ्यांनी नारळ फोडला, फोटो काढला. नाव नोंदवायचे पन्नास रुपये. मोफत शिबिराला पन्नास रुपये, पण तेवढ्याला कोण विचारतो?

आईचा नंबर आला. त्यानं बॅटरीनं डोळे बघितले आणि म्हणाला, "पडदा आलाय. अजून पिकला नाही तोवर वितळवता येतो. एकदा पिकला की चिरावंच लागणार, आणि चिरलेला डोळा सांगता येत नाही." आई ऑपरेशनला घाबरते हे त्यानं दोन वाक्यांत ओळखलं. मग दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला, पाच मिनिटांनी परत एकेक, आणि म्हणाला, "आजी, चहा पिऊन या. अर्ध्या तासानं बघू."

अर्ध्या तासानं त्यानं आईला मंडपातल्या खांबापाशी उभं केलं. समोरच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे, संगमरवरात नावं कोरलेली. वर्षभर तिला ती पाटी नुसती पांढरी दिसत होती. आई बघत राहिली. मग बोट पुढं करून म्हणाली, "तुझ्या आज्याचं नाव हाय की रं तिथं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागं उभ्या असलेल्या बायका 'अगं बया' करत रांगेत घुसल्या. तासाभरात त्याच्या खोक्यातल्या निम्म्या बाटल्या संपल्या असतील.

तीन बाटल्यांचा 'कोर्स' साडेसात हजारांचा. मी फोनवरून पैसे पाठवले. पैसे पोचल्याचा मेसेज आला, त्यात नाव कुठल्याशा मोबाईल शॉपीचं होतं. मी ते वाचलं. वाचलं, आणि फोन खिशात ठेवला. बाटल्या पांढऱ्या, झाकण निळं, वर कागद नाही. 'आमचं स्वतःचं फॉर्म्युलेशन आहे, म्हणून लेबल नसतं,' असं तो म्हणाला. एखाद्या शेतकऱ्यानं हेच वाक्य माझ्या काउंटरवर येऊन सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

पाटी वाचली ती का, हे आधी सांगतो, कारण सगळी मेख तिथं आहे. आईचा मोतीबिंदू भिंगाच्या मधोमध होता. डोळ्याची बाहुली, म्हणजे मधलं काळं भोक, लहान असली की उजेड त्या गढूळ भागातूनच आत जातो. त्या थेंबांत बाहुली फाकवायचं औषध होतं. बाहुली मोठी झाली की कडेच्या, अजून स्वच्छ राहिलेल्या भागातून उजेड आत शिरतो आणि माणसाला चार-सहा तास किंवा काही दिवस बरं दिसतं. त्यात देवळातला मंद उजेड, म्हणजे डोळे दिपायचाही प्रश्न नाही. मोतीबिंदू होता तिथंच होता, एक कणही वितळला नव्हता. आजघडीला मोतीबिंदू विरघळवणारं सिद्ध झालेलं एकही औषध नाही, थेंब नाही, गोळी नाही, काढा नाही. गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवणं एवढाच उपाय आहे. आणि तो पिकायची वाट बघायची, हे आता जुनं झालं. पूर्वीच्या शस्त्रक्रियेला तसं लागायचं. आता उलट जास्त पिकला तर काढायला अवघड जातो.

घरी आल्यावर तिला उन्हात डोळे उघडवेनात. फोन केला. "पडदा वितळतोय, झोंबणारच." तोंडाला कोरड पडायला लागली. "औषध अंगात भिनतंय, चांगलं लक्षण आहे." त्याच्याकडं प्रत्येक तक्रारीला शब्द तयार होता, आणि मला ते ऐकायचंच होतं.

नवव्या दिवसानंतर भाच्याच्या लग्नाला गेलो, बाटली घरीच राहिली. दोन दिवस थेंब चुकले. परत आलो त्या संध्याकाळी आई म्हणाली, "बलबाच्या भवतीनं रंगीत कडं दिसतंय. इंद्रधनुष्यावाणी." मी म्हटलं प्रवासाचा शीण असेल. रात्री उजव्या बाजूचं डोकं दुखायला लागलं, भुवईपासून दाढेपर्यंत. मग उलट्या. लग्नातलं जेवण बाधलं, पित्त झालं, असं सगळ्यांनी ठरवलं. गावातल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं. डोळ्याचं कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. सकाळी बघितलं तर उजवा डोळा लालभडक, बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं, आणि त्या डोळ्यानं तिला माझी बोटं मोजता येईनात. पापणीवरून हात लावला तर डोळा सुपारीसारखा टणक लागला. तो स्पर्श अजून बोटातून जात नाही.

मिरजेला नेलं. दवाखान्यांचं गाव म्हणून आमच्याकडचा माणूस आधी मिरजच गाठतो. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी डोळ्यातला दाब मोजला. साधारण 10 ते 21 असावा, उजव्यात 56 होता. त्यांनी डावा डोळा बघितला आणि एकदम विचारलं, "यांना कसले थेंब घालताय?" डावा डोळा दुखत नव्हता, पण त्याचीही बाहुली फाकलेली होती, बॅटरी मारली तरी नीट आकसत नव्हती. मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डोळ्यात पाणी सारखं तयार होतं आणि कडेच्या कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं. आईचे डोळे मुळात लहान, त्यात मोतीबिंदूनं भिंग फुगलेलं, त्यामुळे तो कोपरा आधीच अरुंद. बाहुली फाकली की डोळ्यातला रंगीत पडदा कडेला गोळा होऊन कोपरा दाबतो. मला ठिबकचा चोंदलेला फिल्टर आठवला: पंप चालूच, पाण्याला वाट नाही. आणि धोका सगळ्यात जास्त कधी, तर बाहुली पूर्ण फाकलेली असताना नाही, परत येताना अर्धवट थांबते तेव्हा. थेंब चुकले ते दोन दिवस. वाढलेला दाब मागच्या नसेवर पडतो, आणि नसेचा जेवढा भाग मरतो तेवढी नजर परत येत नाही. हाच काचबिंदू.

एक सांगतो, नाहीतर लोक भलतीच भीती घेतील. डोळ्यांचे डॉक्टरही डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. पण ते आधी दाब आणि कोपरा बघतात, त्यांचं औषध काही तासांत उतरतं, आणि ते बाटली हातात देऊन 'रोज दोनदा घाला' म्हणत नाहीत.

दाब उतरवायला शिरेतून मॅनिटॉल लावलं, ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या, वेगवेगळे थेंब. दाब उतरल्यावर दोन्ही डोळ्यांत लेसरनं त्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडलं, पाण्याला दुसरी वाट म्हणून. तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, पुढं डाव्याचं. ज्याला भिऊन हे सगळं केलं ते ऑपरेशन वीस मिनिटांत झालं आणि आई बाहेर येऊन चहा मागत होती.

मॅडम त्या दिवशी आणखी एक बोलल्या. पूर्वी गावोगाव फिरणारे लोक सुईनं मोतीबिंदू डोळ्यात मागं ढकलायचे. त्या क्षणी माणसाला दिसायचं, टाळ्या पडायच्या, पैसे मिळायचे. डोळा सडायचा तोवर वैद्य चार गावं पुढं गेलेला असायचा.

आमच्या शिबिरात आई एकटी नव्हती. ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा होता, उसाचं पातं डोळ्याला लागलेलं. त्यालाही एक बाटली दिली. दोन दिवसांत लाली गेली आणि पोरगा सगळ्यांना सांगत फिरला. दहा-बारा दिवसांत बुबुळावर पांढरं फूल. पातं, काडी, भुसा लागलेल्या डोळ्यात बुरशी होऊ शकते, आणि त्यात स्टेरॉइडचे थेंब पडले की लाली आणि दुखणं दबतं, बुरशीला मात्र रान मोकळं होतं. त्याच्या बाटलीत काय होतं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मॅडमना शंका त्याचीच होती. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्या गावातही कितीजणांनी दुकानातून उरलेसुरले थेंब आणून घातले. साथीचे डोळे बहुतेकांचे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात, म्हणून ते निभावलं. पातं लागलेला डोळा तसा निभावत नाही.

शिबिरातल्या त्या 'डॉक्टर'चा फोन बंद. फ्लेक्सवर नुसतं नाव, नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "पावती?" पावती नव्हती. मग एका वकील मित्रानं फ्लेक्सचा फोटो मागितला. नारळ फोडतानाच्या फोटोत मागं तो स्वच्छ दिसत होता. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 नावाचा कायदा आहे, आणि औषधानं बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही अशा आजारांच्या यादीत मोतीबिंदूही आहे, काचबिंदूही आहे. म्हणजे देवळावर फ्लेक्स चढला तेव्हाच गुन्हा झाला होता आणि आम्ही सगळे त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत होतो. तक्रारीच्या अर्जाला तो फोटो, पैसे पाठवल्याचा मेसेज आणि उरलेली एक बाटली जोडली आहे. तुमच्याकडं असं काही घडलं असेल तर बाटली फेकू नका.

खरं शिबिर कसं असतं तेही आता बघितलंय. तिथं कुणी औषधाचे कोर्स विकत नाही. तपासतात, मोतीबिंदू असेल तर कागद करतात, तारीख देतात, कधी गाडी करून दवाखान्यात नेतात. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. देशात अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, आणि मी रोज त्या रस्त्यावरून दुकानाला जातो. आणि डोळा लाल, दुखतोय, नजर कमी झालीय, दिव्याभोवती कडं, सोबत उलट्या, एवढं एकत्र दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आमची ती एक रात्र गेली.

आई यंदा पुन्हा शेडवर जाते. डाव्या डोळ्यानं हिरवा-काळा चोख ओळखते. उजव्यानं समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही. उजवीकडं ठेवलेला चहाचा कप अजून कधी कधी लवंडतो, म्हणून सून आता कप डावीकडं ठेवते. परवा शेजारची म्हातारी बसायला आली होती. तिलाही त्या दिवशी एक बाटली मिळाली होती, पण तिनं ती वापरलीच नव्हती. म्हणाली, "पर त्या थेंबानं तुला दिसलं हुतं न्हवं गं?"

आई बेदाण्याच्या काड्या काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दिसलं हुतं की. खोटं कशाला बोलू."