संवेगाचा ट्रॉली संच : स्प्रिंग कामाची, टायमर नावाचा

नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यासाठी हा संच शाळा घेतात. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि आधीचा व नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो, हे यात दाखवायचं असतं. खोक्यात सव्वा मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी, 250 ग्रॅमच्या दोन ट्रॉल्या, तेवढ्याच वजनाच्या दोन चकत्या, वेल्क्रो, दाबून सोडायची स्प्रिंग आणि सेलवरचा टायमर असतो.

ट्रॉलीवर छापलेल्या वजनावर जाऊ नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक 262 आणि दुसरी 248 भरली. हलकीला पाठीमागून चिकणमाती लावून दोन्ही सारख्या करून घ्याव्या.

संचात खरी किंमत स्प्रिंगची. एका ट्रॉलीवर चकती ठेवा, म्हणजे वस्तुमान 0.25 आणि 0.50 किलो होईल. स्प्रिंग दाबून दोन्ही चिकटवा आणि सोडा. हलकी ट्रॉली दुप्पट वेगाने पळते. म्हणून हलकीच्या पुढच्या कडेपासून 60 सेंमीवर आणि जडच्या पुढच्या कडेपासून 30 सेंमीवर लाकडी ठोकळा ठेवायचा. दोन्ही टकरींचा एकच ‘टक’ ऐकू आला की झालं. ना घड्याळ लागत, ना वीज. लोडशेडिंगमध्येही तास होतो. दोन आवाज आले तर बहुधा अंतर ट्रॉलीच्या मधून मोजलेलं असतं, नाहीतर पट्टी तिरपी असते. शहाबादी फरशीवर कंचा ठेवून बघा, घरंगळला तर त्या बाजूला कागदाच्या घड्या घाला.

आकडेमोडीत मुलं चिन्ह विसरतात. डावीकडे 0.25 × 0.48 = 0.12, उजवीकडे 0.50 × 0.24 = 0.12, आणि बेरीज 0.24 लिहून मोकळे! डावीकडचा वेग ऋण धरला तरच शून्य येतं, आणि सुरुवातीलाही शून्यच होतं.

वेल्क्रोच्या टकरीसाठी (चकती काढून एक ट्रॉली थांबलेल्या दुसरीवर ढकलायची, म्हणजे दोन्ही चिकटतात) मात्र पट्टी उलट थोडी तिरपी हवी: ढकललेली ट्रॉली एकसारख्या वेगाने जाईल, पण थांबलेली आपोआप निघणार नाही, इतपत. संचासोबतच्या पुस्तिकेत दोन्ही प्रयोगांना एकच मांडणी दिली आहे, ती चूक आहे. वेग मोबाईलवर मोजावा. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत दहा फ्रेममध्ये ट्रॉली 20 सेंमी सरकली, तर वेग 0.60 मी/से आणि संवेग 0.15 किग्रॅ·मी/से. टक्कर होऊन दोन्ही चिकटल्यावर वेग 0.30 यायला हवा, 0.28 आला तर संवेग 0.14, आणि घर्षणामुळे एवढी तूट चालते. मोबाईल पट्टीच्या मध्यासमोर, दोन मीटर लांब ठेवा. जवळ ठेवला तर कडेची अंतरं चुकतात. ग्रॅमला मी/से ने गुणून 150 लिहिणारे दरवर्षी असतात. गतिज ऊर्जा मात्र इथे निम्मी होते, 0.045 ज्यूलवरून 0.0225. ते वेगळं सांगावं लागतं, कारण पुस्तिका त्यावर गप्प आहे.

टायमर वापरूच नका. खिडकीतून ऊन आलं की सेन्सर भलतेच आकडे दाखवतो.

वेचणीच्या दिवसांत वेल्क्रोत आणि आसात कापसाची रेषा अडकते, चाक जड होतं. चिमट्याने काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकावा. जास्त झालं तर धूळच धरते. पुस्तिकेत उदाहरण बिलियर्डच्या चेंडूंचं आहे, त्याऐवजी हे विचारा: 1 मी/से ने जाणारी 8 क्विंटलची बंडी आणि 5 मी/से ने जाणारी, स्वारासह 160 किलोची फटफटी, संवेग कोणाचा जास्त? दोन्हींचा 800.