पाण्याचं सर्किट : ज्युनियर कॉलेजच्या लॅबसाठी घ्यावं का?

यंदा आमच्या लॅबसाठी ‘हायड्रॉलिक सर्किट’चा डेमो संच घेतला. अंबाल्याचा माल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, असे संच बनवणारे आणखीही आहेत आणि आतल्या मालात एकोणीस-वीसचाच फरक असणार. किंमत बारा हजारांच्या घरात, वर ट्रान्सपोर्ट वेगळा.

लाकडी फळीवर बारा व्होल्टचा छोटा पंप, पारदर्शक नळ्या, जागोजागी प्रेशर दाखवणाऱ्या उभ्या नळ्या, मध्ये रबराचा पडदा ताणलेला एक गोल डबा, जड चाक जोडलेली पाणचक्की आणि एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. पंप म्हणजे बॅटरी, प्रेशरमधला फरक म्हणजे व्होल्टेज, अरुंद नळी म्हणजे रेझिस्टन्स, पडदा म्हणजे कपॅसिटर, जड चाक म्हणजे इंडक्टर, व्हॉल्व्ह म्हणजे डायोड. एवढं माहितीपुस्तिकेत आहे आणि तिथेच ती संपते. खोक्यावर मात्र ‘मॅक्सवेलची समीकरणे (म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे मूळ नियम) प्रत्यक्ष पाहा’ असं छापलंय.

आधी जे उत्तम आहे ते सांगते. पडद्याचा डबा. पंप सुरू केला की पडदा एका बाजूला फुगतो आणि पलीकडच्या नळीतून पाणी सरकायला लागतं. वास्तविक पडद्यातून थेंबही पलीकडे गेलेला नसतो. पडदा पुरता ताणला की प्रवाह थांबतो, पंप काढून दोन्ही टोकं जोडली की उलटा वाहतो. कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये तार नसताना सर्किटमध्ये करंट कसा, हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. मॅक्सवेलने १८६१-६२च्या लेखमालेत डिस्प्लेसमेंट करंट मांडला तो अशाच वाटेने : माध्यम लवचिक आहे, ते ताणलं जातं आणि ताणलं जातानाची हालचाल हाही करंटच. लवचिक माध्यमाचं ते चित्र पुढे मागे पडलं, समीकरणातलं पद राहिलं. फळ्यावर हे सांगायला मला अर्धा तास लागायचा.

जड चाकही छान. वाहत्या पाण्याची तोटी झटकन बंद केली की चाक थांबायला तयार नसतं, ते पाणी पुढे रेटत राहतं. चाक आणि तोटी यांच्या मधल्या उभ्या नळीतून पाणी उसळून थेट आमच्या लॅबच्या मामांच्या शर्टावर गेलं. मामा म्हणाले, “मॅडम, हे बारावीच्या पोरांना दाखवाच.” करंट अचानक तोडला की इंडक्टर असाच व्होल्टेज उसळवतो. पेट्रोल गाडीत बारा व्होल्टच्या बॅटरीवर स्पार्क प्लगसाठी हजारो व्होल्ट मिळतात ते याच युक्तीने. पाण्याच्या बाजूला तीच युक्ती आधी आली : गरम हवेच्या फुग्यामुळे प्रसिद्ध असलेल्या मोंगोल्फिए बंधूंपैकी जोसेफने १७९६च्या सुमारास हायड्रॉलिक रॅम केला. वाहतं पाणी वारंवार अडवायचं आणि त्या धक्क्यावर थोडं पाणी उंच चढवायचं, मोटर न लावता.

आता तक्रारी. संचात ३ मिमी आणि ६ मिमी आतल्या व्यासाच्या नळ्या आहेत आणि पुस्तिकेत सरळ छापलंय की ‘तारेप्रमाणेच जाड नळीचा रोध कमी’. कमी खरा, पण तारेप्रमाणे नाही! तारेचा व्यास दुप्पट केला तर त्याच व्होल्टेजला करंट चौपट होतो. नळीचा दुप्पट केला तर, पाणी संथ वाहत असेल तोवर, प्रवाह सोळापट व्हायला हवा. रक्तप्रवाहाचा विचार करणाऱ्या प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या दशकात मांडलेला हा नियम. कारण साधं आहे : पाणी नळीच्या भिंतीला चिकटतं आणि मधोमध सर्वांत जोरात धावतं, तारेत करंट सगळ्या छेदात सारखा पसरलेला असतो. पंपाने पातळी थरथरते म्हणून आम्ही स्टँडवर टाकी ठेवून मोजलं. पट आली बारा-तेराच्या आसपास, कारण जाड नळीच्या तोंडाशीच थोडं प्रेशर खर्ची पडतं. तरी चारापेक्षा कितीतरी जास्त. माझ्या मते या संचातला सर्वांत चांगला प्रयोग हाच, आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

दुसरं, टाकी आणखी वर चढवली की जाड नळीतला प्रवाह त्या प्रमाणात वाढेनासा होतो. सिरिंजने शाईचा थेंब सोडून बघा : आधी सरळ दोरा दिसतो, मग तो विस्कटतो. रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत हेच दाखवलं होतं. दोरा विस्कटला की ओहमच्या नियमाशी (व्होल्टेज वाढेल त्या प्रमाणात करंट वाढतो) असलेलं साम्यही संपलं.

आणि खोक्यावरचा मॅक्सवेल? चुंबकीय क्षेत्र या फळीवर कुठेच नाही. ते साम्य भोवऱ्यात आहे. हेल्महोल्ट्झने १८५८मध्ये दाखवलं की भोवऱ्याची रेषा आसपासच्या पाण्याला जो वेग देते त्याचं गणित आणि करंटच्या तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचं गणित एकच : अंतर दुप्पट, वेग निम्मा. त्यासाठी तळाला भोक पाडलेली प्लॅस्टिकची बादली आणि कागदाचे कपटे पुरतात, आम्ही तसंच केलं. मात्र गणित जुळलं म्हणजे बलही जुळेल असं नाही. नॉर्वेच्या ब्येर्कनेसने १८८१च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात पाण्यात आकुंचन-प्रसरण पावणारे गोळे मांडले होते. एका तालात धडधडणारे गोळे जवळ येत, उलट तालातले दूर जात. विद्युतप्रभारांच्या बरोब्बर उलटं! मला हा किस्सा फार आवडतो.

बाकी किरकोळ : नळ्यांचे सांधे झिरपतात, टेफ्लॉन टेप हाताशी ठेवा. पाणी रंगवायला पोटॅशियम परमँगनेट वापरा असं पुस्तिका सांगते. वापरू नका, नळ्या कायमच्या तपकिरी होतात. खाण्याचा रंग बरा.

नुसतं ‘वीज पाण्यासारखी’ एवढंच दाखवायचं असेल तर हा संच महाग आहे, दोन बाटल्या आणि सलाइनची नळी पुरे. कुठे जुळतं आणि कुठे बिनसतं हे मुलांकडून मोजून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. ऑर्डर देतानाच दोन रबरी पडदे जादा मागून घ्या. आमचा पहिल्याच सत्रात फाटला आणि नंतर विक्रेत्याने फोन उचलला नाही. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय, बरा चालतोय.