मिनरल ८०डब्ल्यू-९० की सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने माल भरून महाबळेश्वर गाठले की माझ्या जुन्या जीपगाडीच्या डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणाऱ्या गिअरसंचावर, किती ताण येतो, हे त्याच्या हाऊजिंगला (बाहेरच्या कवचाला) हात लावण्याचे धाडस केले तरच कळते. या गाडीत मी दोन वर्षे मिनरल ८०डब्ल्यू-९० आणि त्यानंतर दोन वर्षे सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल वापरले. दुसऱ्यासाठी लिटरमागे जवळपास अडीचपट पैसे मोजावे लागले.

डब्यावरचा ९० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहील ते सांगतो आणि तो दोन्हींत सारखाच आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा असतो. त्याची कसोटी ७५ साठी उणे ४० अंशांना, तर ८० साठी उणे २६ अंशांना घेतली जाते. आपल्याकडे वेण्णा तलावाकाठी दव गोठले तरी त्याची बातमी होते, त्यामुळे केवळ त्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तरीही तापमान बदलले तरी सिंथेटिकचा दाटपणा मिनरलपेक्षा कमी बदलतो आणि उष्णतेने ते उशिरा खराब होते. माझ्या गाडीतून काढलेले मिनरल तेल काळपट झालेले होते आणि त्याला करपट वास येत होता. तितक्याच किलोमीटरनंतर काढलेले सिंथेटिक बरेच स्वच्छ होते. आवाजात मात्र मला काहीच फरक जाणवला नाही.

मिनरल की सिंथेटिक यापेक्षा जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑइलच्या दोन श्रेणी) हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण दुकानात तो क्वचितच विचारला जातो. डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन या गिअरजोडीचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तेथे गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जास्त असलेले जीएल-५ लागते. तीच द्रव्ये गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मारक ठरू शकतात. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी जीएल-४ च सांगितले आहे आणि तेथे मी सिंथेटिक भरले. थंडीत सकाळी अडखळणारा दुसरा गिअर आता सहज पडतो, त्यामुळे हा खर्च मला पटला. ज्यांची गाडी सपाट रस्त्यावर, हलक्या भाराने चालते त्यांनी डिफरन्शियलमध्ये मिनरल भरून ते वेळेवर बदलावे. घाटात रोज माल वाहणाऱ्यांना सिंथेटिक परवडेल.

सिंथेटिकमुळे सील (तेल अडवणाऱ्या कड्या) गळतात, असे आमच्या मेकॅनिकचे ठाम मत होते आणि पिनियनच्या सीलपाशी तेल पाझरू लागल्यावर त्याने मला ते ऐकवलेही. शेवटी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) चिखलाने बुजलेला सापडला. आत कोंडलेली गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती, आणि ब्रीदर साफ केल्यावर त्याच तेलावर पाझर थांबला.