टेक्सासमध्ये न्यायाधीश निवडताना: कुठल्या कोर्टाला कुठला वकील

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. त्याचा कायद्याचा अभ्यास आणि वकूब तपासायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. टेक्सासमध्ये ते काम मतदाराच्या अंगावर आहे. जिल्हा न्यायालयापासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जवळजवळ सगळे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. नगरपालिकेची न्यायालयं बहुतेक ठिकाणी वगळायची. ह्यूस्टन, शुगरलँड किंवा फ्रिस्कोमधल्या मराठी नागरिकाला गव्हर्नरच्या उमेदवारांबद्दल बरंच ठाऊक असतं, पण आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयाच्या दोन उमेदवारांबद्दल काहीच ठाऊक नसतं. मग पक्ष बघून मत पडतं. २०१८मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत न्यायाधीशांच्या ५९ जागा एकाच पक्षाकडे गेल्या त्या अशाच. त्यात चांगले गेले, वाईट गेले, आणि कोण कोणत्या कारणाने गेलं हे कुणी पाहिलं नाही. पक्षाचं एकच बटण दाबायची सोय २०२०पासून बंद झाली आहे. आता प्रत्येक जागेवर थांबावंच लागतं, तर थोडं बघून थांबलेलं बरं.

आधी खुर्ची ओळखा

‘काउंटी जज’ हे नाव फसवं आहे. मोठ्या काउंटीत हा माणूस जवळजवळ पूर्ण वेळ प्रशासक असतो: काउंटीचा अर्थसंकल्प, रस्ते, वादळातलं आपत्ती व्यवस्थापन. त्याला वकिलीची सनद लागत नाही. ‘काउंटी कोर्ट ॲट लॉ’चा न्यायाधीश मात्र खरोखर खटले चालवतो. त्याच्यासाठी साधारण अट म्हणजे वय २५, काउंटीत दोन वर्षं वास्तव्य आणि चार वर्षं वकिली किंवा न्यायदानाचा अनुभव. जिल्हा न्यायाधीशासाठी ही अनुभवाची अट पूर्वी चार वर्षांची होती. २०२१च्या घटनादुरुस्तीने ती आठ वर्षांवर नेली. जानेवारी २०२५पासून सुरू होणाऱ्या मुदतींना ती लागू आहे.

‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे जेपी. यालाही सनद लागत नाही. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचं प्रशिक्षण आणि पुढे दरवर्षी २० तास, एवढंच. पण भाडेकरूला घराबाहेर काढायचे दावे, २०,००० डॉलरपर्यंतचे पैशांचे वाद आणि वाहतुकीचे दंड त्याच्याचकडे येतात. आपल्या माणसाचा कोर्टाशी संबंध आलाच तर पहिल्यांदा याच खोलीत येतो. तरी मतपत्रिकेच्या तळाशी असल्यामुळे या जागेकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं.

पार्श्वभूमी: कुठे उपयोगी, कुठे अडचणीची

माजी सरकारी वकील हा प्रचारपत्रकातला सर्वांत लोकप्रिय प्रकार. फौजदारी कोर्टासाठी त्याची जमेची बाजू खरी आहे. त्याने ज्युरी निवडलेली असते, पुराव्याचे नियम तोंडपाठ असतात, रोजची लांबलचक यादी हाताळायची सवय असते. धोका सवयीतच आहे. वर्षानुवर्षं पोलिसांना आपले साक्षीदार म्हणून उभं केलेला माणूस त्यांच्या झडतीवर उभ्या राहिलेल्या हरकतीकडे लगेच त्रयस्थपणे बघू शकेलच असं नाही. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील याच्या उलट: झडती बेकायदा होती का, हे त्याला चटकन दिसतं. मात्र टेक्सासमध्ये गरीब आरोपीला वकील नेमून देण्यात न्यायाधीशाचा हात असतो आणि अशा नेमणुकांवर जगणारे वकील त्याच न्यायाधीशाच्या प्रचाराला देणगी देतात, ही तिथली जुनी दुखरी जागा आहे. या वर्तुळातून आलेल्या उमेदवाराला नेमणुका कशा करणार, हे विचारलंच पाहिजे.

आमच्या मते फौजदारी कोर्टासाठी दोन्ही बाजूंनी काम केलेला उमेदवार उजवा. दोन्ही बाजूंनी म्हणजे एका बाजूला दहा वर्षं आणि दुसरीकडे सहा महिने, असं नव्हे. ‘शेकडो खटले हाताळले’ या वाक्याला फारसा अर्थ नाही, कारण बहुतेक प्रकरणं तडजोडीत संपतात. मुख्य वकील म्हणून ज्युरीपुढे निकालापर्यंत किती खटले नेले आणि त्यातले गंभीर गुन्ह्यांचे किती, हे दोन आकडे मागा.

कौटुंबिक कोर्टाचं गणित वेगळं. ह्यूस्टनशेजारच्या फोर्ट बेंड काउंटीतलं ३२८वं आणि ३८७वं जिल्हा न्यायालय या प्रकारातली. इथे वीस वर्षं खुनाचे खटले चालवलेला वकीलसुद्धा नवखा ठरतो. घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशाचा सर्वांत मोठा परिणाम अंतिम निकालात दिसत नाही. तो अंतरिम आदेशाच्या सुनावणीत दिसतो, जिथे दोन्ही बाजूंना मोजून वेळ मिळतो आणि मूल आठवडाभर कुणाकडे, घरात कोण राहणार, हप्ता कोण भरणार, हे सगळं ठरतं. त्या आदेशाची घडी एकदा बसली की पुढची तडजोड तिच्याच भोवती होते.

मराठी घरांसाठी यात आणखी एक धागा आहे. आई किंवा वडील मुलाला घेऊन पुण्याला गेले आणि परतलेच नाहीत, तर काय? मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल परत आणायचा तो सरळ मार्ग बंद असतो. टेक्सासच्या कुटुंब कायद्यात असा धोका कसा जोखायचा आणि पासपोर्टवर कोणती बंधनं घालायची, याची कलमं आहेत. ज्याने ही कलमं वापरली आहेत, तो ‘भारतात आजीला भेटायला’ जाणारी खरी सहल आणि खरा धोका यांत फरक करू शकतो. ज्याने वापरलेली नाहीत, तो एक तर सगळ्यांनाच अडवतो किंवा सगळ्यांनाच सोडतो. म्हणून कौटुंबिक कोर्टासाठी कुटुंब कायद्यात बोर्ड सर्टिफिकेशन (त्या विषयातल्या तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र) असलेला किंवा त्याच प्रकारच्या कोर्टात सहायक न्यायाधीश म्हणून बसलेला उमेदवार आम्ही पक्षाच्या आधी बघतो.

दिवाणी कोर्टात विमा कंपन्यांचा वकील आणि जखमींचा वकील यांत निवड करायची असेल, तर दोघांच्या देणग्यांची यादी वाचा. पुढे काय होईल याचा तो बऱ्यापैकी अंदाज असतो. जेपीच्या जागेसाठी सनद असली तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वकील नसलेल्या माणसाला नीट समजेल असं बोलता येणं.

‘मी का उभा आहे’: कारण वजनात कसं घ्यायचं

उमेदवाराचं कारण त्या खुर्चीतून करता येण्यासारखं आहे का, ही पहिली कसोटी. ‘गुन्हेगारी संपवीन’ हे न्यायाधीशाचं कामच नाही. ‘अमुक प्रकारच्या आरोपीला जामीन देणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते आणखी वाईट. समोर येऊ शकणाऱ्या प्रकरणांत कसा निकाल देणार याचं वचन देण्यावर टेक्सासच्या न्यायिक आचारसंहितेत बंदी आहे. मत मांडणं आणि वचन देणं यांतली रेघ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या मिनेसोटा रिपब्लिकन पार्टी विरुद्ध व्हाइट या निकालाने बारीक केली, पुसलेली नाही. अशा प्रश्नाला उमेदवाराने ‘यावर मला बोलता येणार नाही’ असं उत्तर दिलं, तर त्याला टाळाटाळ समजू नका.

‘तुंबलेली प्रकरणं निकाली काढीन’ हे कारण बरं, कारण ते तपासता येतं. टेक्सासचं न्यायालय प्रशासन कार्यालय प्रत्येक कोर्टाची मासिक आकडेवारी प्रसिद्ध करतं. वर्षभरात आलेली प्रकरणं आणि निकाली निघालेली प्रकरणं, हे दोन रकाने घ्या. समजा १,२०० आली आणि १,०८० निघाली, तर निपटाऱ्याचं प्रमाण ९० टक्के झालं आणि ढीग १२०ने वाढला. पण एकट्या कोर्टाचा आकडा फसवतो. त्याच काउंटीतल्या त्याच प्रकारच्या बाकी कोर्टांशी ताडून बघा. सगळ्यांचाच ९० असेल, तर दोष एका न्यायाधीशाचा नाही. बाकीचे १०५वर असताना हाच ९०वर असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आणि ११५ दिसला तरी लगेच भुलू नका: वादी गैरहजर म्हणून घाऊक दावे काढून टाकले तरीही तो आकडा वर जातो.

खुर्चीतला न्यायाधीश आणि आव्हान देणारा यांची तुलना करताना आणखी एक गोष्ट पाहा. खुर्चीतला माणूस निवडून आलेला असेलच असं नाही. जिल्हा न्यायालयातली रिकामी जागा गव्हर्नर भरतो, काउंटी कोर्ट ॲट लॉ आणि जेपीची जागा कमिशनर्स कोर्ट, म्हणजे नाव कोर्टाचं असलं तरी काउंटीचा कारभार बघणारं मंडळ, भरतं. ‘अनुभवी न्यायाधीश’ आठ महिन्यांपूर्वी नेमलेला असू शकतो.

कागद कुठे मिळतात

सनदेची तारीख आणि जाहीर शिस्तभंग स्टेट बार ऑफ टेक्सासच्या संकेतस्थळावर नाव टाकताच दिसतात. न्यायाधीशावर झालेली जाहीर कारवाई राज्याच्या न्यायिक आचार आयोगाकडे असते. जिल्हा न्यायाधीशाच्या देणग्या टेक्सास एथिक्स कमिशनकडे आणि काउंटी पातळीवरच्या काउंटीच्याच कार्यालयात. निवडणुकीच्या ३० दिवस आणि ८ दिवस आधीचे अहवाल नक्की वाचा. वकील संघटनांच्या मतचाचण्याही पाहा, पण कडक न्यायाधीश वकिलांना आवडत नाही आणि ढिला आवडतो, हे ध्यानात ठेवून.

याहून खरं म्हणजे एक सकाळ कोर्टात मागच्या बाकावर बसणं. कोर्ट खुलं असतं, कुणाला विचारावं लागत नाही. नऊची वेळ असेल तर न्यायाधीश नऊला बसतो की पावणेदहाला? वकील नसलेला माणूस उभा राहिला, तर त्याला पुढची पायरी सांगतो की नुसतं ‘वकील करा’ म्हणतो? दुभाषी असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ देतो का? दोन तासांत जे कळतं, ते कुठल्याच पत्रकात नसतं.

काउंटीच्या संकेतस्थळावरून तुमच्या पत्त्याची नमुना मतपत्रिका काढा, नावांवर खुणा करा आणि तो कागद सोबत न्या. मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही, त्यामुळे फोनमधली यादी तिथे उपयोगाची नाही. लिहिलेला कागद चालतो. ज्या जागेबद्दल काहीच जमवता आलं नाही ती कोरी सोडलीत, तरी बाकीची मतं मोजली जातात. आणि तुमच्या काउंटीत एकाच पक्षाचं वर्चस्व असेल, तर खरी लढत मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीत होऊन गेलेली असते. टेक्सासमध्ये त्यासाठी पक्षाची नोंदणी लागत नाही, केंद्रावर गेल्यावर कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं.