टेट्रामर, एलिस्पॉट की एआयएम: अँटिजेन-विशिष्ट टी पेशी शोधायला काय मागवावं?

टेट्रामर म्हणजे ठरावीक टी पेशीला चिकटणारी, रंग लावलेली चार एमएचसी-पेप्टाइड रेणूंची जोडणी. त्याची ऑर्डर टाकण्याआधी एक कागद हातात हवा: दात्यांचा एचएलए टायपिंगचा अहवाल (एचएलए म्हणजे माणसाचे एमएचसी, पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड धरून दाखवणारे रेणू), तोही ए*०२:०१ सारखा चार अंकी. तो नसेल तर निर्णय सोपा आहे. पेप्टाइड पूल (प्रथिनाच्या तुकड्यांचं मिश्रण) घ्या, एलिस्पॉट (सायटोकाइन स्रवणाऱ्या पेशी ठिपक्यांनी मोजणारी चाचणी) किंवा एआयएम (उत्तेजित पेशीवरचे मार्कर बघणारी चाचणी) करा आणि टेट्रामरचे पैसे पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. अहवाल असेल आणि नेमका एपिटोपही (टी पेशी ओळखते तो तुकडा) माहीत असेल, तरच बाकीची तुलना कामाची.

ही रीएजंट दोन वेगळे प्रश्न विचारतात. टेट्रामर, पेंटामर, डेक्स्ट्रामर या मल्टिमरांवरून टी पेशीचा रिसेप्टर कशाला चिकटतो ते कळतं. चिकटल्यावर पेशी काही करते का, हे नाही. एलिस्पॉट, आयसीएस (पेशीच्या आतली सायटोकाइन रंगवणं) आणि एआयएममध्ये पेशीला अँटिजेन दाखवून तिचा प्रतिसाद मोजतात. जुनाट संसर्गात थकून गेलेली सीडी८ पेशी (बाधित पेशी मारणारी टी पेशी) टेट्रामरने ठळक रंगेल आणि एलिस्पॉटमध्ये एकही ठिपका देणार नाही. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच एक चाचणी फसली असं धरू नये.

मल्टिमर: कुठला आणि कधी

एका रिसेप्टरची एमएचसी-पेप्टाइडवरची पकड फार ढिली असते, साधारण १ ते १०० मायक्रोमोलर, आणि ती काही सेकंदांत सुटते. १९९६ मध्ये जॉन आल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी बायोटिन लावलेले चार रेणू एका स्ट्रेप्टाव्हिडिनवर (बायोटिन घट्ट धरणाऱ्या प्रथिनावर) बांधले, तेव्हा ती पकड रंग दिसण्याइतकी टिकली. पेंटामरमध्ये पाच रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात. डेक्स्ट्रामरमध्ये डेक्स्ट्रानच्या साखळीवर याहून कितीतरी जास्त एमएचसी आणि रंगद्रव्याचे रेणू मावतात.

सीएमव्ही, ईबीव्ही, इन्फ्लुएन्झा अशा विषाणूंविरुद्धच्या सीडी८ पेशींना साधा टेट्रामर पुरतो. तिथे डेक्स्ट्रामरवर जादा खर्च करण्यात अर्थ नाही. ट्यूमरचे किंवा स्वतःच्याच शरीरातले अँटिजेन असतील तर रिसेप्टरची पकड मुळातच कमी, तिथे डेक्स्ट्रामर पैसे वसूल करतो. पण त्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहावा: टेट्रामर घालण्यापूर्वी ५० नॅनोमोलर डॅसाटिनिब (काइनेज रोखणारं औषध), ३७ अंशांवर ३० मिनिटं. रिसेप्टर आत ओढले जाणं थांबतं आणि फिके पडलेले गट वर येतात. मात्र त्याच पेशी नंतर उत्तेजित करायच्या असतील तर डॅसाटिनिब वापरू नये, कारण ते पेशीचं कामच बंद पाडतं.

भारतातल्या प्रयोगशाळेची मोठी अडचण एचएलएची आहे. कॅटलॉग ए*०२:०१ ने भरलेले असतात. आपल्याकडच्या ए२ दात्यांमध्ये मात्र ०२:११, ०२:०६, ०२:०३ असे उपप्रकार बरेच सापडतात. ए२ ओळखणारी बीबी७.२ ही अँटिबॉडी त्यांच्यात भेद करत नाही, त्यामुळे फ्लो सायटोमीटरवर ‘ए२ पॉझिटिव्ह’ दिसलं एवढ्यावर ०२:०१ चा टेट्रामर मागवणं हा जुगार आहे. टेट्रामर रिकामा आला तर पेशी नाहीत की एचएलए चुकला, हे कळायला मार्ग उरत नाही. ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३ हे भारतात बऱ्यापैकी आढळणारे प्रकार आहेत. पुरवठादाराकडे यांतलं काय आहे, ते आधी विचारा.

एपिटोप अनेक असतील तर एकेक तयार टेट्रामर घेण्यापेक्षा यूव्हीने पेप्टाइड बदलता येणारा मोनोमर स्वस्त पडतो. त्यासाठी ३६६ नॅनोमीटरचा दिवा लागतो. जेल बघायचा २५४ चा दिवा प्रथिनाचं नुकसान करतो. प्लेट बर्फावर, झाकण काढून, दिव्याच्या अगदी जवळ ठेवायची. स्ट्रेप्टाव्हिडिन जोडून झालं की रिकाम्या जागा डी-बायोटिनने भरून टाकायच्या. हे राहिलं तर दोन रंगांचे टेट्रामर एकत्र करताच मोनोमर एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि सगळंच दुहेरी पॉझिटिव्ह दिसू लागतं. याच कारणाने त्याच नळीत बायोटिन लावलेली अँटिबॉडी आणि वेगळं स्ट्रेप्टाव्हिडिन वापरू नये.

माल येतानाची काळजीही घ्यावी. रंग लावलेला टेट्रामर गोठता कामा नये. पीई हे रंगद्रव्य गोठून वितळलं की चमक जाते. ऑर्डरमध्येच ‘जेल पॅक, ड्राय आइस नको’ असं लिहून द्या. रंग न लावलेला मोनोमर मात्र उणे ८० अंशांवर राहतो, त्याला ड्राय आइसच हवा. एकाच पार्सलमध्ये दोन्ही मागवले तर एकाचं वाटोळं ठरलेलं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात एनआयएचचं टेट्रामर केंद्र आहे. ते अर्ज तपासून संशोधकांना रीएजंट पुरवतं, व्यापारी पुरवठादारांच्या यादीत नसलेला एमएचसी हवा असेल तर तिथे बघावं.

स्टेनिंग करताना कुपी वापरण्याआधी मायक्रोफ्यूजमध्ये पूर्ण वेगाने पाच-दहा मिनिटं फिरवा आणि वरचाच द्राव घ्या. तळाच्या गुठळ्या मोनोसाइटवर बसून खोटा सिग्नल देतात. आधी टेट्रामर, मग अँटिबॉडी. सीडी८ विरुद्धचे बरेच क्लोन टेट्रामरची पकड कमी करतात, म्हणून ते शेवटी. मृत पेशींचा रंग, सीडी१४ (मोनोसाइट) आणि सीडी१९ (बी पेशी) एकाच ‘डंप’, म्हणजे वगळायच्या पेशींच्या चॅनलमध्ये टाका. जमलं तर तोच टेट्रामर पीई आणि एपीसी अशा दोन रंगांत वापरून दोन्ही रंग घेणाऱ्या पेशीच मोजा. हा खर्च दुप्पट नाही, कारण पार्श्वभूमी इतकी खाली येते की पुन्हा प्रयोग करायची वेळ कमी येते. प्रत्येक नव्या लॉटचं टायट्रेशन दुपटीच्या विरलनांनी नव्याने करावं.

आता पेशींचा हिशेब. २० लाख पीबीएमसीत (रक्तातून वेगळ्या केलेल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशींत) सीडी८ पेशी अंदाजे ४ लाख. त्यांतल्या ०.०१ टक्के विशिष्ट असतील तर नळीत ४० पेशी, धुण्यात गेलेल्या वजा जाता २५-३०. इतपत चालतं. प्रमाण ०.००१ टक्के असेल तर ४ पेशी, आणि चार ठिपक्यांवर कुणी निष्कर्ष काढू नये. तिथे एक कोटी पेशी घ्या किंवा अँटी-पीई चुंबकी मण्यांनी आधी गाळून घ्या.

क्लास २ (सीडी४ पेशींसाठीच्या) टेट्रामरबद्दल थोडक्यात: सीडी४ रेणूची पकडीला मदत जवळजवळ नाही, पेशी दुर्मीळ, स्टेनिंगला ३७ अंशांवर तासभर किंवा जास्त लागतो आणि क्लिप पेप्टाइडचा (क्लास २ च्या खाचेत मुळात बसणाऱ्या तुकड्याचा) कंट्रोल टेट्रामर सक्तीचा. पहिला प्रयोग म्हणून निवडू नये.

पेप्टाइड पूल: इथेच बहुतेक चुका

प्रचलित रचना म्हणजे १५ अमिनो आम्लांचे तुकडे, शेजारच्या तुकड्याशी ११ सामाईक. सीएमव्हीच्या पीपी६५ प्रथिनात ५६१ अमिनो आम्लं आहेत, म्हणून १३८ पेप्टाइड. प्रत्येकाचा साठा डीएमएसओ या द्रावकामध्ये २० मिलिग्रॅम प्रति मिली असेल आणि सगळे समान मिसळले, तर पूलमध्ये प्रत्येक पेप्टाइड १४५ मायक्रोग्रॅम प्रति मिली उरतं. वेलमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मिली हवं तर विरलन १४५ पट, म्हणजे डीएमएसओ ०.७ टक्के. पेशींना ते बाधतं, ०.५ टक्क्याच्या खाली राहायला हवं. साठा ५० मिलिग्रॅमचा ठेवला तर तेच ०.२८ टक्क्यावर येतं. नाहीतर मिसळलेला पूल फ्रीझ-ड्राय करून कमी डीएमएसओत विरघळवावा. निगेटिव्ह कंट्रोलमध्येही तेवढाच डीएमएसओ घाला, नुसतं माध्यम नको.

चाळणीसाठी ७० टक्के शुद्धता पुरते. एकेका एपिटोपवर दावा करायचा तर ९० टक्क्यांच्या वर हवी, कारण शेजारच्या पेप्टाइडची थोडी भेसळही ठिपके उठवते.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून सीईएफ (सीएमव्ही, ईबीव्ही, फ्लू) पूल सर्रास विकला जातो. तो ठरावीक एचएलएसाठी निवडलेल्या छोट्या पेप्टाइडांचा आहे, त्यामुळे आपल्या दात्यांत तो अधूनमधून रिकामा येतो. भारतातल्या बहुतेक प्रौढांना सीएमव्ही होऊन गेलेला असतो. पीपी६५ चा पूर्ण पूल इथे जास्त भरवशाचा. क्षयावर काम असेल तर पीपीडी (क्षयजंतूच्या प्रथिनांचं मिश्रण) टाळा, कारण बीसीजीमुळे जवळजवळ सगळेच प्रतिसाद देतील. क्षयजंतूची ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बीसीजीत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी त्वचा चाचणीही याच दोघांवर उभी आहे.

एलिस्पॉट, आयसीएस, एआयएम

पेशी कमी आणि नमुने जास्त असतील तर एलिस्पॉट. पूल, निगेटिव्ह आणि पीएचए (टी पेशींना सरसकट उठवणारा पॉझिटिव्ह कंट्रोल), प्रत्येकी तीन वेल, वेलमागे २ लाख पेशी: १८ लाखांत काम होतं, आणि पीएचएसाठी ५० हजारही चालतात. पीव्हीडीएफ पडदा इथेनॉलने आधी ओला करायचा असतो: ३५ टक्के इथेनॉल, वेलमागे १५ मायक्रोलिटर, एक मिनिटापेक्षा कमी, मग पाण्याने पाच धुण्या. इथेनॉल जास्त वेळ राहिलं तर पडदा गळतो. मध्ये पडदा सुकला तर अँटिबॉडी नीट बसत नाही. इन्क्युबेटरमध्ये १८ ते २४ तास प्लेट हलवू नका, एकावर एक रचूही नका. ठिपक्यांना शेपट्या दिसल्या तर कुणीतरी दार आपटलं किंवा प्लेट सरकवली असं समजा. कडेच्या वेलमध्येच ठिपके साचले तर प्लेट तिरपी होती किंवा सगळीकडे सारखी तापली नाही. एलिस्पॉटची मर्यादा ही, की ठिपका सीडी४ चा की सीडी८ चा, ते कळत नाही.

ते हवं असेल तर आयसीएस. सहा तासांचं उत्तेजन, सायटोकाइन पेशीतच अडवणारं ब्रेफेल्डिन ए, मग पेशी फिक्स करून त्यांच्या पडद्याला छिद्रं पाडणं (पर्म). एकाच पेशीत इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ, आयएल-२ दिसतात. सीडी१०७ए (पेशीने मारक कण सोडल्याची खूण) बघायचं तर त्याची अँटिबॉडी उत्तेजनाच्या सुरुवातीलाच घालायची, सोबत मोनेन्सिन. पेशी मात्र मरतात, सॉर्ट करून वाढवता येत नाहीत.

एआयएममध्ये पेशी जिवंत राहतात. २० ते २४ तासांनी सीडी४ साठी ओएक्स४० आणि सीडी१३७, सीडी८ साठी सीडी६९ आणि सीडी१३७ बघतात. कोविडच्या काळात ही पद्धत घरोघरी पोहोचली. सायटोकाइन न स्रवणाऱ्या पेशीही ती पकडते, एचएलए माहीत असण्याची गरज नाही. अनोळखी दात्यांच्या पहिल्या फेरीला आमची पसंती हीच. दोष पार्श्वभूमीचा. काही दात्यांत उत्तेजनाशिवायही मार्कर वर असतात, म्हणून निगेटिव्ह नळी प्रत्येक दात्याची स्वतंत्र हवी. शिवाय दिवसभरात उत्तेजित पेशींच्या सायटोकाइनमुळे शेजारच्या पेशीही जाग्या होतात. सीडी१५४ (सीडी४० ला चिकटणारा मार्कर) वापरायचं तर उत्तेजनापूर्वी १५ मिनिटं सीडी४० रोखणारी अँटिबॉडी घाला, नाहीतर तो पृष्ठभागावर टिकत नाही.

गोठवलेल्या पेशी असतील तर कोमट माध्यमात न्यूक्लिएझ (सांडलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून वितळवा, रात्रभर विसावू द्या आणि जिवंत पेशी ८० टक्क्यांहून कमी असतील तर पेशीचं काम मोजणाऱ्या चाचण्या टाळा. रक्त हेपारिनमध्ये घ्या आणि आठ तासांच्या आत पीबीएमसी वेगळे करा. २४ तास जुन्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट मिसळून येतात आणि एलिस्पॉट फिका पडतो.

१० मिली रक्तातून एक कोटी पीबीएमसी धरले आणि गोठवून ७० लाख उरले, तर एलिस्पॉटला १८ लाख, एआयएमच्या तीन नळ्यांना प्रत्येकी १० लाख, म्हणजे ४८ लाख. उरलेल्या २२ लाखांत टेट्रामर घाईने उरकू नये. पूलने नेमका एपिटोप हाती लागल्यावर दुसऱ्या रक्तावर तो करावा. एचएलए टायपिंगसाठी मात्र या पेशींना हात लावायची गरज नाही, पहिल्याच वेळी २०० मायक्रोलिटर रक्त ईडीटीएमध्ये बाजूला काढून ठेवलं की डीएनए पुरतो.